गांज्याच्या विरोधात दहा मिनिटं

आमच्या सानपाड्याच्या ज्येष्ठ नागरिक संघात मला नेहमी विरोधी बाजू मिळते. चिटणीसांचं म्हणणं, "मॅडम, तुमचा आवाज मोठा आहे आणि तुम्हाला नाही म्हणायची सवय आहे." माझी एकतीस वर्षं पालिकेच्या शाळेत पोरांना नाही म्हणण्यातच गेली, तेव्हा त्यांचं फार चुकत नाही. गेल्या महिन्यात वादविवादाला विषय निघाला, 'राज्यानं गांजा कायदेशीर करावा का?' कुठल्याशा डोंगराळ राज्यात तसा विचार चालू असल्याचं कुणीतरी पेपरात वाचलं होतं. मधुमेह, गुडघे आणि सोसायटीचा पुनर्विकास यांवर बोलून सगळे कंटाळले होते, त्यामुळे गांजा म्हटल्याबरोबर विरंगुळा केंद्रात एकदम जान आली.

मला मात्र हा विषय नको होता. तरी हो म्हणाले. घरी येऊन वही उघडली, मुद्दे काढायला बसले आणि भाऊ आठवला. आठवला म्हणणं तसं खोटंच आहे. तो बारा वर्षं माझ्या घरी आलेला नाही, आणि या बारा वर्षांत तो आठवला नाही असा एक दिवस मला सांगता यायचा नाही.

तो माझ्याहून अठरा वर्षांनी लहान. घरात माझ्यासाठी स्थळं बघत होते आणि त्याच वर्षी आईला दिवस गेले. मैत्रिणींमध्ये मला तोंड दाखवायची लाज वाटायची. मग तो झाला, आई अंथरुणाला खिळली, माझं लग्न दोन वर्षं पुढे गेलं, आणि ती दोन वर्षं तो माझ्याच कडेवर होता. पुढे मला मूल झालं नाही. त्याच्यावरच भागवलं, आणि भागलंही.

आयटीआय करून आणि काही वर्षं गावाकडेच काढून तो साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आला आणि तळोज्याला एका केमिकल कंपनीत लागला. त्यानं कधी बेल वाजवली नाही. दारावर दोन बोटांनी टकटक करायचा आणि वर्गाबाहेर उशिरा पोचलेल्या पोरासारखं विचारायचा, "बाई, आत येऊ का?" मी आतून ओरडायची, "अंगठे धरून उभा राहा." आमचे हे वाशीच्या बाजारात तोलाईचं काम करायचे. घरी ते मोजकंच बोलत, पण त्या टकटकीला तेही हसायचे.

त्या दिवसांत त्याची भूक बघण्यासारखी होती. पहिली पाळी संपली की मित्रांबरोबर खाडीकडच्या तलावाच्या बांधावर बसून संध्याकाळी घरी यायचा, आणि ठेच्याबरोबर तीन-तीन भाकऱ्या संपवायचा. खाताना हसत सुटायचा. साध्या वरणाचं असं कौतुक करायचा की मला वाटे, कंपनी पोराला पिळून काढते. मी आणखी एक भाकरी थापायची. ती भूक कुठून येत होती हे न कळता मी कौतुकानं वाढत राहिले.

एकदा धुवायला टाकलेल्या त्याच्या पँटच्या खिशात कागदाची छोटी पुडी सापडली. ती उघडायचीही गरज नव्हती. तो वास मला लहानपणापासून माहीत होता. गावी नाथाच्या देवळात भजन झालं की म्हातारी मंडळी पायरीवर बसून चिलीम ओढायची, आणि त्यांत आमचे वडीलही असायचे. चिलमीच्या तोंडाला ओलं फडकं गुंडाळतात, त्याला साफी म्हणतात. वडिलांची साफी विहिरीवर मीच धुवायची. वडिलांना कुणी कधी गुन्हेगार म्हटलं नाही. देवाच्या दारात बसून ओढतात म्हणजे ते देवाचंच काहीतरी, असा माझाही समज होता. पण भावाच्या खिशात तोच वास आला आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली.

आमच्या साताऱ्याकडच्या माणसांची एक खोड आहे. शाळेत प्रवेश असो, दवाखान्यात खाट असो, आधी विचारायचं, तिथं आपल्या गावाकडचं कुणी आहे का? असलं तर काम झालंच म्हणून समजायचं. इथल्या पोलीस ठाण्यात आमच्या तालुक्यातले एक हवालदार होते. त्यांची बायको माझ्याकडे हळदीकुंकवाला यायची. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "घेऊन या वहिनी. पुडी पण आणा. समोर ठेवली की पोरगं घाबरतंय. दम देतो आणि सोडतो." आमचे हे म्हणाले, "घरातलं घरात मिटव." मी ऐकलं नाही. घरातलं घरात मिटवायला मी काही कमी बोलले नव्हते, पण तो नुसता हसून "सोडतो की ताई" म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला सांगितलं, माझ्याबरोबर चल, जरा काम आहे. पुडी माझ्या पर्समध्ये होती. ठाण्यात गेलो तर हवालदार नव्हते, त्यांना अचानक बंदोबस्तावर पाठवलं होतं. खुर्चीत एक अनोळखी तरुण साहेब बसला होता. तेव्हा परत फिरायला हवं होतं. पण साहेबानं "बोला मॅडम" म्हटलं, आणि मुख्याध्यापकांसमोर तक्रार मांडावी तसं मी सगळं सांगून टाकलं. कुठे ओढतो, कधीपासून, किती. पुडी टेबलावर ठेवली. पुढे म्हणालेसुद्धा, "जरा दम द्या त्याला." साहेबानं माझ्याकडे पाहिलं, मग पुडीकडे पाहिलं आणि कागद पुढे ओढला. त्याचंही बरोबर होतं. वस्तू समोर आली, घरचीच साक्ष समोर आली, तो तरी काय करणार? भाऊ भिंतीला टेकून उभा होता.

संध्याकाळपर्यंत जामीन झाला, पण कंपनीत कळायचं ते कळलं आणि आठवड्यात नोकरी गेली. मला स्वतःचा इतका राग आला होता की तो त्याच्यावरच निघाला. "हे सुटल्याशिवाय या घरात पाऊल ठेवायचं नाही," मी म्हणाले. त्यानं बॅग भरली. गुजरातेत एका कंपनीत लागला. कोर्टाच्या तारखांना यायचा आणि परस्पर जायचा. तारखेला मी पहाटे उठून भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी करायची आणि यांच्या हातानं डबा पाठवायची. डबा परत यायचा तो रिकामा आणि घासलेला. कोर्टाच्या आवारात कुठल्या नळावर घासत असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जायचा नाही. पुढे दंड भरून केस मिटली आणि तारखाही संपल्या. खोटं कशाला बोलू, केस मिटली तेव्हा मला वाईट वाटलं. निदान डबा तरी जात होता.

त्यानं तिकडेच लग्न केलं. मुलगी आता आठ वर्षांची आहे. यांच्या मोबाइलवर तिचे फोटो येतात आणि मी चष्मा लावून बघते. दिवाळीला फोन आला की हे माझ्याकडे देतात. तो विचारतो, "बरं आहे?" मी म्हणते, "बरं आहे." बारा वर्षं आमचं एवढंच बोलणं.

तर वादविवाद. निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी बाजूनं झकास बोलून घेतलं. दारू दुकानात मिळते, शिवरात्रीला भांग लोक प्रसाद म्हणून पितात, मग गांज्यानंच काय घोडं मारलंय? या संघात एक आगरी आजोबा आहेत, त्यांच्या शेतावरच आजचं आमचं सेक्टर उभं आहे. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "आमचे मिठागरावर म्हातारी मानसं चिलीम वढायची. त्यांना कोन चोर बोलत नव्हता."

मग मी उठले. शाळकरी पोरं, अभ्यास, कोवळी डोकी, गाडी चालवताना होणारे अपघात, आणि सरकारनं एकदा दुकान मांडलं की ते शाळेच्या कोपऱ्यावर यायला किती दिवस लागतात, हे सगळं बोलले. ते मला आजही पटतं. मौजेसाठी गांजा दुकानात विकायला ठेवू नये, असंच माझं मत आहे. पण सहा-सात मिनिटं झाली आणि वहीतला पुढचा मुद्दा वाचवेना. मी म्हणाले, "विकायला नको. पण ज्याच्या खिशात चिमूटभर सापडलं त्याला कोर्टात उभं करू नका. त्याला घरी ठेवा. माझ्या भावाला मी घरी ठेवायला पाहिजे होतं." आणि सगळं सांगितलं. चिटणीसांनी दहा मिनिटांची घंटा वाजवली, पण मी थांबले नाही. मी नक्की कुठल्या बाजूनं बोलले हे परीक्षकांना कळलं नाही, त्यामुळे मला नंबर नाही.

चहाच्या वेळी आजोबा जवळ आले. "आता त्याची केस मिटली ना? मंग भाऊ हाय कुठं?" मी म्हणाले, गुजरातेत. ते चहा पीत उभे राहिले.

घरी आले आणि त्याच तिरमिरीत पहिल्यांदा माझ्या फोनवरून त्याला फोन लावला. त्यानं उचलल्या उचलल्या विचारलं, "काय झालं? दाजींना काय झालं का?" माझा फोन म्हणजे वाईट बातमीच असणार, हे त्यानं गृहीत धरलं होतं. मी म्हणाले, ते ठीक आहेत. वादविवादाचं सांगितलं. तो हसला. किती वर्षांनी ऐकलं ते हसू. मला एकदम धीर आला.

"समज, कायदा बदलला," मी म्हणाले, "मग येशील?"

"ताई, मी ते केव्हाच सोडलं. पोरगी झाली तेव्हा."

"मग येत का नाहीस?"

"तू पाऊल ठेवू नको म्हणालीस," तो म्हणाला. आवाजात राग अजिबात नव्हता. "मग 'ये' कधी म्हणालीस?"

मी आठवून पाहिलं. डबे पाठवले, फोटो पाहिले, देवाला नवस बोलले, सरकारला सल्ले दिले. त्याला 'ये' कधी म्हणाले नव्हते. मी म्हणाले, "ये रे. चुकलं माझं. सगळ्यांना घेऊन ये."

मागून मुलीचा आवाज आला, "पप्पा, कोण छे?"

तो आत्या म्हणेल असं मला वाटलं.

"गामनो फोन छे, बेटा," गावाकडचा फोन आहे, एवढंच तो तिला म्हणाला, आणि मग मला, "बघतो ताई. सुट्टीचं बघतो."

आठ वर्षांच्या त्या पोरीला आत्या आहे, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. कुणी सांगावं असं मी काही केलंही नव्हतं.