मागच्या दारानं आलेला

जुन्या जालन्यातल्या आपल्या गल्लीत गंधाली संशयी म्हणून प्रसिद्ध आहे, आणि गंमत म्हणजे तिला पगारही संशयाचाच मिळतो. पुण्याच्या एका कंपनीसाठी ती घरबसल्या दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचते आणि चोर कुठून शिरेल ते सांगते. दिवसभर चोराच्या डोक्यानं विचार करायचा म्हणजे ती सवय कॉम्प्युटरबरोबर थोडीच बंद होते? परतूरहून बघायला आलेल्या एका मुलानं नोकरी-पगार सांगितल्यावर त्याला तिनं गंभीरपणे विचारलं होतं, "हे सगळं खरं कशावरून?" पाहुण्यांनी पोहे अर्धे टाकून स्टेशन गाठलं.

"अगं, तो बघायला आल्ता की पकडायला?" असं तिची आई ताराबाई अजून विचारते.

गंधालीनं जन्मात एकाच माणसावर संशय घेतला नाही. तो म्हणजे अपूर्व. तो पूर्वी शेजारी राहायचा, आता तिच्याच कंपनीत, पण पुण्यात. "येतो, येतो" म्हणता म्हणता त्याच्या केसांत पांढरं आलं, आणि ती वाट बघत राहिली. यंदा मात्र फोनवर तो म्हणाला, "शनिवारी येऊन राह्यलो. काकूंशी आपल्या लग्नाचं बोलायचंय. तेवढा माझा कोड पास कर, म्हणजे मी मोकळा."

कोड दवाखान्यांचा होता, रुग्णांचे रिपोर्ट सांभाळणारा. गंधालीनं तो दुपारपर्यंत वाचून टाकला. छान होता. इतका छान की तिला एकही प्रश्न पडला नाही, आणि तिथंच ती दचकली. एरवी ती ओळीओळीला "हे असंच होईल कशावरून?" म्हणून अडते. आज ओळीओळीला म्हणत होती, "अपूर्वनं बघितलंच असेल." ती कोड नव्हे, अपूर्वला वाचत होती.

तिनं तोंड धुतलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.

इतक्यात शेजारच्या वंदनाताई मागच्या दारानं आत आल्या, फ्रिजमधलं दही घेतलं आणि गेल्या. ताराबाईंनी निवडायच्या मेथीवरून मानही वर केली नाही. मागून आला म्हणजे घरचाच! अपूर्व याच दारानं ये-जा करत वाढला होता.

गंधालीनं कोडचं मागचं दार उघडून पाहिलं. पुढून येणाऱ्याची तिथं कसून चौकशी होती. पण 'मी आतल्या विभागाकडून आलो' असं म्हणणाऱ्याला कुणी काही विचारतच नव्हतं. तसं कुणीही म्हणावं आणि कुणाचाही रिपोर्ट घेऊन जावं.

तिनं फोन लावला.

"अपूर्व, आतून आलेल्याला तू विचारत का न्हाईस?"

"आतून आला ना? मंग त्याला काय विचारायचं?"

"आतूनच आला कशावरून?"

पलीकडे कीबोर्डचा आवाज आला. मग, "बराबर हाय तुझं. पण मंग शनिवार गेला ना गंधाली. हे सगळं उकलून पुन्हा लिहावं लागेल."

"माहीत हाय."

"तू बोलली नसतीस तर कुणाच्या लक्षात आलं असतं?"

"माझ्या," ती म्हणाली, आणि कंपनीला चूक कळवून मोकळी झाली.

शनिवारी ताराबाईंनी उगीचच पुरण घातलं. दोघी मायलेकींनीच ते खाल्लं.

पुढच्या आठवड्यात दुरुस्त केलेला कोड आला. गंधालीनं तो उघडला नाही. दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या, असं तिनं साहेबांना कळवलं. त्यांनी कारण विचारलं. तिनं खूप वेळ लावून उत्तर लिहिलं, "यात काही सापडू नये असं मला फार वाटतंय."