पोकळ भिंत

त्या बाईंचे उपकार विसरणार नाही, असं नुसतं म्हणून भागत नाही. काय घडलं ते सांगायला हवं.

शाळा सातवीत सुटली. वडिलांच्या हाताखाली गवंडीकाम शिकलो आणि नव्वदनंतर कधीतरी साताऱ्याकडून पनवेलजवळ खांदेश्वरला आलो. तिथं एक आर्किटेक्ट बाई नमुन्याची घरं बांधून घेत होत्या. म्हणायच्या, "मिस्त्री, उद्या इथं माणसाला माणूस खेटून राहणार. घरोघरी चार-चार पंखे लागले तर वीज आणायची कुठून? भिंतच अशी हवी की ऊन आत येऊ नये." त्यासाठी विटा कडेवर उभ्या लावायच्या आणि मधे पोकळी ठेवायची. विटाही कमी, सिमेंटही कमी.

मी मान डोलवायचो, पण पटायचं नाही. वडिलांनी बजावलेलं, भिंत आतून पोकळ ठेवणारा गवंडी मालकाला फसवतो. त्यात विटा पुरवणारे गावठाणातले दादा रोज चिडवायचे, "काय रं मिस्त्री, ही भित हाय का उंदरांची चाळ? कुनी टेकला तं बसंल खाली!"

"तुमीच टेकून बघा की दादा," मी हसून म्हणायचो. मनात मात्र तीच धास्ती. भिंत पडली तर काम जाणार. मग गावी बायकोला काय तोंड दाखवू?

पश्चिमेची भिंत खिडकीपर्यंत सांगितली तशी बांधली. मग बाई दोन दिवस पुण्याला गेल्या. खिडकीपलीकडचा भाग बांधताना साऱ्या पोकळ्या मी सिमेंट-वाळूचा माल कालवून गच्च भरल्या. वाटलं, त्यांचं भलंच करतोय.

परत आल्यावर त्यांनी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पाहिल्या, भिंतीवर बोटानं ठोकलं. पलीकडे बद्द आवाज.

"हे काय केलंत?"

"बाई, पोकळ ठेवायला मन होईना."

"मग विचारलं का नाही?"

"तुमी रागवाल म्हणून."

"आणि आता नाही रागावणार?"

मी थापी, ओळंबा पिशवीत भरायला लागलो.

"पिशवी राहू द्या. आत या."

पाच वाजत आले होते, बाहेरून भिंतीवर उन्हाचा मारा. आतून हात लावायला सांगितलं. मी भरलेला भाग इतका तापलेला, की तळवा टेकवेना. खिडकीच्या अलीकडे भिंत नुसती कोमट. मी पुन्हा पुन्हा दोन्हीकडे हात लावला.

"पाडून नीट बांधतो, बाई."

"पाडायचं नाही. बघायला येतील त्यांना दोन्हीकडे हात लावायला सांगा. शेजारची खोली उद्यापासून तुम्हीच घ्या. फक्त मनात आलं की आधी विचारायचं. कितीही खुळं वाटलं तरी."

मला डोळे पुसायला उपरणं सापडेना.

दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न हाच, पडणार तर नाही ना? बाईंनी विटेवर बसून कागदावर चित्र काढून समजावलं. मग दुसरा, मग तिसरा. शाळा सुटल्यापासून मला कुणी असं विचारू दिलं नव्हतं. शेवटी दुपारी डबा उघडून त्याच हात जोडून म्हणाल्या, "मिस्त्री, आता जेवू तरी द्या."