कल्याण मेडै

मी वडिलांना लहानपणापासून अप्पा म्हणते. चेन्नईत हा शब्द मला फार नडला. तमिळमध्येही वडिलांना अप्पाच म्हणतात, त्यामुळे रस्त्यात मी "अप्पा" अशी हाक मारली की लोकांना वाटतं, हिला तमिळ येतं. मला तमिळ येत नाही. बँकेच्या काउंटरवर लागतं तेवढंच येतं. इथे सही करा, फोटो आणा, उद्या या. एवढ्या भांडवलावर मी चेन्नईच्या आवडी नावाच्या उपनगरात बरीच वर्षं काढली आहेत आणि कोणाचं काही अडलेलं नाही. लोक उद्या येतात.

अप्पांना तेवढंही येत नाही. ते कल्याणला मालगाडीचे गार्ड होते. आई गेल्यावर मी त्यांना इथे घेऊन आले, तेव्हापासून ते एकच शब्द शिकले. आमा, म्हणजे हो. दूधवाल्याला आमा, भाजीवालीला आमा, कोण काय विचारतंय याच्याशी काही देणंघेणं नाही. त्यामुळे आमच्याकडे कधी चौपट दूध यायचं, आणि एकदा तर आमच्या दारात भलत्याच कोणाची पाण्याची टाकी येऊन बसली. बाकी दिवसभर ते गॅलरीत गप्प बसून असत. ज्या माणसाच्या बडबडीला आई आयुष्यभर वैतागली, तो माणूस असा गप्प बघणं मला सोसत नव्हतं.

मग त्यांनी एकदा चहा पिता पिता जाहीर केलं, "मी कल्याणला परत जातो."

कल्याणला आमचं काय होतं? क्वार्टर निवृत्तीबरोबरच सोडलेलं. एक चुलतभाऊ आहे, त्याची एक खोली, आणि तो स्वतः शिफ्टवर. अप्पांचा एक गुडघा कामातून गेलेला. न्हाणीत पाय घसरला तर भाऊ कामावरून येईपर्यंत ते तसेच पडून राहणार, हे चित्र मला बँकेत नोटा मोजतानाही दिसायचं. मी भांडले, रुसले, शेवटी रडलेसुद्धा. अप्पांनी शांतपणे पुढच्या महिन्यातल्या एका सोमवारचं तिकीट काढायला लावलं आणि भरलेली सुटकेस चपलांच्या स्टँडशेजारी उभी करून ठेवली.

आमच्या खाली घरमालकीण राहते. तिला सगळे मामी म्हणतात. सुटकेस दिसल्यापासून ती येता-जाता अप्पांना विचारायची, "ऊरुक्कु पोरींगळा?" म्हणजे गावाला चाललात का?

"आमा," अप्पा म्हणायचे.

त्यांचं तेवढं एकच आमा बरोबर जागी पडत होतं, आणि नेमकं तेच मला नको होतं.

तेव्हा मी ठरवलं की अप्पा कल्याणला जाणार नाहीत, कल्याणच इथे येईल. बोटभर रुंदीचे रूळ, एक इंजिन, चार वाघिणी आणि गार्डाचा डबा असा खेळण्यातल्या आगगाडीचा संच मागवला. खेळण्यातली म्हटलं की अप्पा चिडतात, म्हणून आमच्या घरी तिला नुसती गाडी म्हणायचं. हॉलमध्ये दोन घडीची टेबलं जोडून मी त्यांच्यावर एक प्लायवूड टाकलं आणि कल्याण मांडलं. एक फाटा कसाऱ्याकडे, एक कर्जतकडे. अप्पांच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी चमक आली. पण इथल्या दमट हवेत प्लायवूडने आठवड्यात पोक काढलं, टेबलांचे पाय मुळातच लटपटते, आणि पलीकडे वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागलं की अख्ख्या कल्याणात भूकंप व्हायचा. शेवटी इंजिन कसारा फाट्यावरून थेट माझ्या ताकात पडलं.

अप्पा खुर्चीतून उठले. "ही लाइन असुरक्षित आहे," ते म्हणाले. "खाली बूड पक्कं नाही आणि वर गाड्या कसल्या चालवताय? मी ही गाडी घेणार नाही." आणि सुटकेसची कुलपं तपासून आले.

म्हणजे प्रश्न एवढाच उरला होता की सोमवारच्या आत असं टेबल उभं करायचं, की जे हलणार नाही.

मी सुताराकडे गेले. इथे त्याला आसारी म्हणतात. आता टेबलाला मेसै म्हणतात हे मला माहीत होतं, पण मेसै म्हटलं की हा जेवणाचं टेबल करणार, हेही माहीत होतं. मला फलाट हवा होता. स्टेशनवरची बाई माइकवरून रोज सांगते, लोकल अमुक नडैमेडैवर येत आहे. नडै म्हणजे चालणं. आमच्या फलाटावर कोणी चालणार नव्हतं, म्हणून नडै मी अक्कलहुशारीने काढून टाकलं. उरलं मेडै, म्हणजे नुसता चौथरा.

"कल्याण मेडै," मी सांगितलं.

आसारीचा चेहरा उजळला. "कल्याण मेडैया?"

"आमा."

"यारुक्कु?" कोणासाठी?

"अप्पावुक्कु." अप्पांसाठी.

त्याची पेन्सिल कानाकडे जाता जाता थांबली. "अप्पावुक्का?"

"आमा," मी म्हटलं. "रोंब स्ट्राँगा वेणुम्. आडक्कूडादु." म्हणजे चांगलं मजबूत हवं, हलता कामा नये. त्याला नीट कळावं म्हणून दुकानासमोर उभी राहून थोडी नाचूनही दाखवलं, की दहा माणसं अशी नाचली तरी हलता कामा नये. लांबी-रुंदी हात पसरून दाखवली. अप्पा खुर्चीत बसून गाडी चालवणार, म्हणून उंची माझ्या गुडघ्याएवढी सांगितली. ती त्याला फारच पसंत पडली. मग तो मुहूर्ताबद्दल काहीतरी विचारायला लागला. मला वाटलं, भाविक माणूस आहे, काम सुरू करायचा मुहूर्त विचारतोय. म्हटलं, सोमवारच्या आत कधीही चालेल. त्याने माझ्याकडे जरा चमकून पाहिलं आणि मान डोलावली.

तमिळमध्ये कल्याण म्हणजे लग्न, हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. जागोजागी कल्याण मंडपमच्या पाट्या आहेत, मी स्वतः तिथे जेवून आले आहे. पण जिचं बालपण कल्याणच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं तिला कल्याण म्हटल्यावर लग्न आठवत नाही. सांधे बदलल्याचा खटका आठवतो, मालगाडीच्या मागे हिरवी झेंडी धरून उभे असलेले अप्पा आठवतात.

रविवारी सकाळी छोटा हत्ती टेम्पो दारात उभा राहिला. आसारी नवा शर्ट घालून आला होता. हॉलमध्ये त्याने जे जोडून उभं केलं ते टेबल नव्हतंच. लाल-सोनेरी रंगाचा चौथरा. पुढे कोरलेले मोर. चार कोपऱ्यांना छताला भिडणारे चार खांब, खांबांना केळीचे खुंट बांधायच्या कड्या आणि वर हारांसाठी कमान. नवरा-नवरीने बसायचं मेडै, अगदी सांगितलं तसं, अप्पांसाठी.

खालून मामी हळदीकुंकवाचं ताट घेऊन धावत आली. "उनक्का?" तिने मला विचारलं. तुझं? माझ्या लग्नाचा नाद तिने सोडला होता, त्यामुळे बिचारीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आसारीने अदबीने अप्पांकडे बोट दाखवलं.

मामी हळूहळू वळली. "माप्पिळै नींगळा?" नवरामुलगा तुम्ही?

"आमा," अप्पा हसून म्हणाले.

मामी ताट घेऊन दारातच थबकली. तोवर समोरच्या घरातली माणसं येऊन पोचली होती, टेम्पोवालाही वर आला होता. मामींच्या यजमानांनी अप्पांचा हात हातात घेतला आणि "रोंब संतोषम्, रोंब संतोषम्" म्हणत कितीतरी वेळ सोडलाच नाही. खूप आनंद झाला, असं ते म्हणत होते. अप्पा माझ्या कानाशी आले. "हा संतोष कोण गं? सगळे त्याचंच नाव घेतायत."

पन्नाशीला आले तरी माझं जमलं नाही, आणि अप्पांचं एका आमात जमलं! मी सगळ्यांवर मराठीत ओरडले. आसारीवर ओरडले, अप्पांवर ओरडले, मोरांवर ओरडले. उद्या सोमवार होता. सुटकेस तिथेच उभी होती आणि टेबलाऐवजी हॉलभर लग्न उभं होतं.

अप्पांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. दुखरा गुडघा कुरकुरत असताना ते खाली वाकले आणि चौथऱ्याखाली डोकावले. आडव्या पट्ट्या एकीला लागून एक, पायांना तिरपे आधार. मुठीने ठोकून त्यांनी आवाज ऐकला. मग सरळ झाले आणि आईच्या वेळच्या आवाजात म्हणाले, "पाणी आण. काठोकाठ."

मी भरलेला पेला आणून दिला. तो त्यांनी चौथऱ्याच्या काठावर ठेवला आणि दोन्ही हातांनी खुणा करून सगळ्यांना वर चढवलं. आसारी चढला, टेम्पोवाला चढला, मामींचे यजमान चढले, समोरच्या घरातली सगळी चढली. लग्नाचा काहीतरी विधी असेल असं समजून मामीही ताटासकट चढली. "नवी लाइन उघडताना आधी वजन घालून बघतात," अप्पा मला म्हणाले, आणि लोकांना त्यांनी पाय आपटून दाखवला. सगळ्यांनी भक्तिभावाने पाय आपटले. मी आत जाऊन वॉशिंग मशीनही लावून आले.

पाण्याचा एक थेंब सांडला नाही.

अप्पा पेल्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर खांबांवरून वर गेली. "ओव्हरहेड वायरीचे खांबपण दिले त्याने," ते हळूच म्हणाले. "कमानीवर सिग्नल बसतील."

लोकांना उतरवून मी रूळ मांडले आणि इंजिन सोडलं. मोरांवरून, कड्यांखालून, गार्डाच्या डब्यासकट गाडी कसाऱ्याकडे निघाली आणि कर्जतकडून परत आली. हे कल्याण, असं मी हातवारे करून समजावलं. हे आमचं ऊर, आमचं गाव. आसारीने कपाळावर हात मारून घेतला आणि पोट धरून हसत सुटला. मामीला कळायला वेळ लागला. गाडी दोनदा समोरून गेली, तेव्हा तिने ताट खाली ठेवलं आणि सुटकेसकडे पाहिलं.

"ऊरुक्कु पोरींगळा?" तिने अप्पांना नेहमीसारखं विचारलं.

अप्पांची मान गाडीबरोबर वळत होती. "इल्लै," ते म्हणाले.

इल्लै म्हणजे नाही. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. मला एकदम भरून आलं, आणि लगेच शंकाही आली, की यांना प्रश्न तरी समजला का. मामी गेल्यावर मी त्यांच्या खुर्चीशेजारी जाऊन बसले.

"अप्पा, मामी काय विचारत होती ते कळलं ना तुम्हाला?"

"आमा," अप्पा म्हणाले.

मी उठले. सुटकेस आत नेली आणि ते बघायच्या आत सगळे कपडे कपाटात लावून टाकले.