भोंगे द्यायचे की ठेवायचे

आमच्या ह्यांचा लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा होता. दोन पत्र्याचे भोंगे होते. लग्न असलं की हे कडुलिंबावर चढून ते बांधत, एकाचं तोंड गावाकडे, दुसऱ्याचं शिवाराकडे. आवाज लांब जाई, पण बोलणारा कोण ते ओळखू येत नसे. सगळे नाकातून बोलल्यासारखे वाटत.

एका वर्षी मानवतच्या दुकानदाराने ह्यांना दोन लाकडी स्पीकर-बॉक्स दिले. वालूरचं एक लग्न त्यावर वाजवा, आवडले तर भोंगे मला द्या आणि बॉक्स ठेवून घ्या, असं ठरलं. आदल्या दिवशी ह्यांनी आमच्या अंगणात दोन्ही आलटून पालटून लावले. कॅसेट तीच. मी भाकरी थापत ऐकत होते. बॉक्समधून गाणारी बाई ओळीच्या मध्ये श्वास घेते, तोसुद्धा ऐकू आला. माझा हात थांबला. ते गाणं मी कितीदा ऐकलं होतं, पण त्यात एक जिवंत बाई आहे असं कधी वाटलं नव्हतं.

"काय म्हणतीस?" ह्यांनी विचारलं.

मी नुसती मान डोलावली. मला घरातसुद्धा चटकन बोलता येत नसे.

नवरी माझ्या चुलत नणंदेची लेक होती, म्हणून मीही लग्नाला गेले. आमच्याकडे नवरीच्या आईने लग्न लागताना बघायचं नसतं. मंगलाष्टकं चालू असतात तोवर ती मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालत बसते. कानाने ऐकायचं, तेवढंच तिच्या वाट्याला. मी घागर घेऊन तिच्याजवळ बसले होते.

बॉक्स मांडवात बाजांवर ठेवले होते आणि त्यांच्यापुढे माणसं दाटीने उभी. आवाज त्यांच्यातच जिरला. आमच्याकडे नुसती गुणगुण येत होती.

"वैनी, कितवं चालू हाय?" नणंदेनं विचारलं.

"काही कळंना, वन्सं."

तिनं तांब्या परत भरून घेतला. धार तुटू देत नव्हती. तेवढ्यात मांडवातून एक म्हातारी आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगं, तुळस बुडवतीस का? लेक नवऱ्याच्या पंगतीला बसायली अन् तू अजून पाणीच घालायलीस!"

नणंद हसली. मग तांब्या खाली ठेवून म्हणाली, "लागलं व्हय? मला कुणी सांगितलं बी न्हाई." आणि पदराने तोंड पुसत राहिली, बराच वेळ.

जेवणं झाल्यावर बघते तर आमचे हे, अडीनडीला असावेत म्हणून सोबत आणलेले भोंगे मानवतला जाणाऱ्या बैलगाडीत बांधत होते. भोवती चार माणसं. "काय आवाज हो! भटजी कानातच बोलायले वाटलं," असं एकजण म्हणत होता. ह्यांचा चेहरा इतका फुललेला मी क्वचितच पाहिला होता. आता बोलले नाही तर गाडी जाणार. मी माणसं पांगेपर्यंत थांबले.

"तुळशीपाशी काहीच ऐकू आलं न्हाई," मी म्हणाले.

"लग्नाला लोक मांडवात येत्यात. तुळशीपाशी कोण असतंय?"

"नवरीची आई."

मी नणंदेचं सगळं सांगितलं. सलग एवढं मी ह्यांच्याशी बोलले नसेन. ह्यांनी ऐकून घेतलं, मग जरा चिडूनच म्हणाले, "तुला सोताला कोणता आवडला, ते सांग."

"बॉक्स."

"मग? आता काय करावं म्हन्तीस?"

"मला आवडला तो आपल्या अंगणात. लग्नात आई लांब बसलेली असती."

हे गाडीकडे वळले. गाडीवाल्याला थांब म्हणाले, भोंग्यांची दोरी सोडली आणि एकेक करून ते खाली घेतले. बॉक्स उचलायला मी हात लावला. लाकडाला नवं रोगण होतं, त्याचा वास येत होता. गाडीत ठेवताना धक्का लागू नये म्हणून मी त्यांच्याखाली पोतं दुमडून घातलं.