सुदामची सोनघंटा

साल दोन हजार पंचवीस. सुदाम गायकवाड बहात्तरचा होता, मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा. जानेवारीत एका दुपारी त्याच्या सुनेचा फोन आला, "काका, बाबा गेले." खरं सांगतो, मला पटलंच नाही. जवळजवळ वर्षभर आमचं बोलणं बंद होतं. वाटलं, मला उल्हासनगरला बोलावून घ्यायची ही त्याचीच काहीतरी युक्ती. मी विचारलं, "कुठे गेले?" पोरगी रडायला लागली... तेव्हा कळलं.

सुदाम आणि मी अंबरनाथ एमआयडीसीत एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला होतो. तो बॉयलरवर, मी पॅकिंगला. तो उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातला, मी पालेगावचा, चौथीत शाळा सोडलेला. पण माझ्याकडे जमीन होती आणि त्याच्याकडे नव्हती, हे मी त्याला डबा खाताना रोज ऐकवायचो. तो हसायचा. "म्हात्रे, मेल्यावर सातबारा उशाला घेणार हाय काय?" रिटायर झाल्यावर तो माझ्या टेकडीवर फिरायला यायला लागला. टेकडी कुठली ते इथे लिहिणार नाही. आमच्याकडे टेकड्या पुष्कळ आहेत, शोधत बसा.

तिथे वर कातळाच्या कडेला काही झुडपं आहेत. माणसाच्या उंचीची, लवेच्या पानांची. थंडीत पिवळी फुलं येतात, आतून तांबड्या रेघा, मान खाली घालून लोंबतात. आम्ही त्यांना कधी नाव दिलं नाही. पावसाआधी भाताच्या रोपांची जागा भाजायची असली की हाताला येईल ते रान तोडून राबाला घालायचं, त्यात तीही जायची. माझ्या आईने तोडली, मी तोडली. मग बदलापूरच्या कॉलेजातल्या एक मॅडम कुठल्याशा कार्यक्रमात फोटो दाखवत होत्या... ही सोनघंटा, फक्त आपल्या डोंगरांत होते, थोडीच उरली आहे. सुदामने ते पाहिलं आणि ओळखलं. सकाळी माझ्या ओट्यावर हजर. "म्हात्रे, तुझ्या टेकडीवर सोनं हाय." मी बोललो, "बिल्डर पण हेच बोलतो."

तोडू नको एवढंच त्याचं मागणं होतं. मी काय तोडणार, भात कधीच टॉवरखाली गेला होता. पण कसा गेला ते मी विसरलेलो नाही. आधी माणूस येतो, गोड बोलतो, मग बांधावर चुना लावलेले दगड दिसतात, मग कोर्टाच्या खेपा. म्हणून गेल्या शिमग्याच्या तोंडावर मी वर गेलो आणि झुडपांभोवती गवत कापून गोल आखलेला, त्यावर चुन्याचे दगड मांडलेले दिसले, तेव्हा माझं डोकं फिरलं. एकेक दगड उचलून उतारावरून खाली सोडला. सुदाम आला तेव्हा शेवटचा माझ्या हातात होता.

"अरे, वणवा आत शिरू नये म्हणून गवत काढलं. पेटवणाऱ्या पोरांना लांबून दिसावं म्हणून चुना."

"मोजणी कुणासाठी चालली ते सांग."

"तुझी टेकडी खायला नाय आलो मी, म्हात्रे."

"मग काय चरायला आलास?"

त्याने विळा पिशवीत टाकला आणि उतरला. आमचं शेवटचं बोलणं ते. माझं मत आजही तेच आहे, दुसऱ्याच्या जमिनीत विचारल्याशिवाय चुन्याचा दगड मांडायचा नसतो. आणि मला भीती आणखी एक होती. असं झाड आहे हे सरकारच्या कानावर गेलं की पाटी लागणार, मग मालकालाच आपल्या जमिनीत शिरायला परवानगी काढावी लागणार. सुदामने मॅडमना सांगितलंच असणार, याची मला खात्री होती. खाली गाडी थांबली की मी उठून बघायचो. लघवीला थांबलेली असायची. सुदाम मात्र येत राहिला. मी एकदा करवंदीच्या जाळीआड बसून पाळत ठेवली. गवत कापलं, बाटलीतलं पाणी घातलं, सावलीला बसून भाकरी खाल्ली, गेला. कुणाला फोन नाही, फोटो नाही. माझा संशय आणखी वाढला. पाच नंबरवरून रिक्षा बदलत बदलत माणूस एवढ्यासाठी येतो?

त्याच्या पुण्यानुमोदनाला गेलो. त्रिशरण-पंचशील झालं, लोक त्याच्याबद्दल चांगलं चांगलं बोलले. मग एक बाई माझ्याजवळ आल्या. बदलापूरच्या कॉलेजातल्या, बोलल्या. त्याच त्या मॅडम. "गायकवाडकाकांना सोनघंटा सापडली होती. कुठे, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी चिडायचेसुद्धा. म्हणायचे, जमीनमालक हो बोलू दे, मग त्यालाच घेऊन येतो."

"मालकाचं नाव सांगितलं?"

"नाही. पण सूनबाई म्हणाल्या, बाबांचा जमीनवाला मित्र एकच."

घरी येताना रिक्षात वाटत होतं, हे पण दोघांनी मिळून ठरवलेलं असणार. मेलेला माणूसही डाव टाकू शकतो, सुदाम तर नक्कीच... पण मग दुसरीच गोष्ट डोक्यात शिरली. आता ती जागा एकट्या मला माहीत. माझी मुलं वर कधी चढलीच नाहीत. त्यांना टेकडी म्हणजे गुंठ्याचा भाव. मी गेलो की सोनघंटाही गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मॅडमना बोलावलं. एकट्या या, बोललो. त्यांचा फोन माझ्या घरी ठेवायला लावला, कारण फोटोवरून जागा कळते असं नातू सांगतो. वर पोचल्यावर त्या झुडपापाशी खाली बसल्या. फुलं संपत आली होती, बोंडं वाळली होती. "काका, थोडं बी घेऊ? रोपं करून इथेच परत आणते." घ्या, बोललो. त्या उठल्यावर मी त्यांना मूठ उघडायला लावली. आत दोनच बोंडं होती.

"एवढ्याने काय होणार, मॅडम?" मी फांदी खाली ओढली. निम्मी बोंडं झाडाला ठेवली, निम्मी खुडून त्यांच्या ओंजळीत घातली.