गुरुजींच्या नावाचा किडा

सिंदीच्या शाळेत मी जीवशास्त्र शिकवायचो, आणि एखाद्या प्राण्याला जगभर माझ्या नावानं ओळखावं एवढीच माझी माफक इच्छा होती. १९५४ साली कपाशीच्या पऱ्हाटीवर मला एक सोनेरी-हिरवा भुंगा सापडला. पण शास्त्रातही बारशासारखंच असतं. बारशाला नाव आत्या ठेवते. इथं दुसऱ्या कुणी ठेवावं लागतं. आपण शोधलेल्या किड्याला आपलंच नाव देणं लाजिरवाणं समजतात. म्हणून मी नागपूरच्या कॉलेजात शिकवणाऱ्या माझ्या मित्राला, तानबाला, आत्या केलं. भुंगा डबीत घालून त्याच्याकडे पाठवला, डबी रिकामी दिसू नये म्हणून सोबत अंगणातले चार किडे टाकले, आणि माझ्या नावाचा भुंगा येतोय असं वर्गात आधीच सांगून टाकलं.

दिवाळीत तानबा घरी आला. "तुह्या भुंग्याले शंभर वर्षांआधीच एका जर्मनानं नाव देल्लं. पहिलं नाव तेच खरं," तो म्हणाला. "पण डबीतला दुसरा एक किडा नवा निंघाला. त्याले तुहं नाव देऊन छापूनबी टाकलं."

तो शेणाची गोळी लोटणारा किडा होता.

मी नाव बदल म्हटलं. तानबा म्हणाला, "एकदा छापलं का ठेवणाऱ्यालेबी बदलता येत नाई."

आता शाळेच्या वाटेवर तसला किडा दिसला की पोरं एकमेकांना मागं ओढतात. "सरक, गुरुजी चालले."

मीही बाजूला होतो. आपल्या नावाचा मान आपणच राखला नाही, तर कोण राखणार?