विम्याची सूट आणि पेडणेकरांचा खोकला

आमच्या ऑफिसात किस्से सांगायला कुणी येत नसे. लोक येत ते प्राप्तिकराचा फॉर्म भरून घ्यायला. वैतागून येत आणि आणखी वैतागून जात. किस्से मात्र मागं राहत, विसरलेल्या छत्र्यांसारखे. आता मित्रांत बसून एक उघडायला जावं, तर त्याच्या दांडीत अडकून दुसरा बाहेर येतो. त्यातलं किती घडलं तसं आहे आणि किती मी सांगून सांगून गुळगुळीत केलंय, याची मला खात्री नाही. मला कशाचीच नसते.

ऑफिस म्हणजे ठाकूरद्वारला पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. आत वकील तात्यासाहेब, बाहेर मी. एम.ए., एल्एल.बी. होऊनही कोर्टात उभं राहायची मला धास्ती, म्हणून वडिलांनी मला त्यांच्या हाताखाली दिलं. "कागद काही उलटून बोलत नाहीत," वडील म्हणाले. वडिलांनी प्राप्तिकराचे कागद पाहिले नव्हते.

•

पेडणेकर पहिल्यांदा आले तेव्हा जिन्यावरचा खोकला आधी पोचला, मागाहून ते. परळच्या एका गिरणीत टाइमकीपर होते, मूळ मालवणकडचे. तरुणपणी काही वर्षं कापूस पिंजायच्या खात्यात काढली होती. ती वर्षं छातीत राहून गेली होती. पगार असा विचित्र, की गिरणीकामगारांसाठी सरकारनं काढलेल्या आजारपणाच्या विम्यात ते बसत आणि प्राप्तिकरातही सापडत.

त्यांनी विम्याचं कार्ड टेबलावर ठेवलं. "साहेबानू, विम्याच्या हप्त्यावर करात सूट मिळते ना? हा माझा विमा. दर पगाराला कापतात."

मी नियम वाचून दाखवला. सूट आयुष्याच्या विम्याला. आजारपणाच्या विम्याला नाही.

"म्हणजे आजारी पडान जगलंय तर सूट नाय. आणि मेलंय तर आसा?"

मी नियम पुन्हा वाचला. मग तिसऱ्यांदा, कारण मला वाटलं की इतकी विपरीत गोष्ट माझ्याच वाचण्यात चुकली असणार. शेवटी कागद घेऊन आत तात्यासाहेबांकडे गेलो.

"बरोबर वाचलंस," ते म्हणाले. "वाईट याचंच वाटतं."

पेडणेकरांनी कार्ड पुसून खिशात ठेवलं. "मग आयुष्याचा काढतो. तसाही काढायलाच हवा. मूलबाळ नाही, गावची जमीन भावांकडे. मी गेलो तर बायकोला विचारणारं कोण?"

•

ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं होती आणि चळवळ फॉर्मवरही उतरत असे. शिवाजी पार्कचे एक निवृत्त हेडमास्तर आमचे अशील. इंग्रजी फॉर्म, इंग्रजी उत्तरं, पण पत्त्याखाली ठळक देवनागरीत "संयुक्त महाराष्ट्र".

"सर, असं राज्य अजून झालेलं नाही," मी म्हणालो. "तिथं 'मुंबई राज्य' लिहायचं."

"माझ्या हातून लिहिलं जाणार नाही."

"नुसतं 'दादर' लिहा. मग काही प्रश्न नाही."

"तू एम.ए. कशात केलंस?"

"अर्थशास्त्रात, सर."

"तरीच."

फॉर्म गेला आणि आठ दिवसांत हेडमास्तरांच्या पत्त्यावर परत आला; त्यांनी लखोटा न फोडताच आमच्याकडे धाडला. सोबत टाइप केलेली ओळ: अशा नावाचं राज्य अस्तित्वात नाही, सबब दुरुस्त करून पाठवावा. हेडमास्तरांना काय सांगायचं या धास्तीनं मी तो लखोटा तासभर हातात घेऊन बसलो होतो. तेवढ्यात माझं लक्ष लखोट्यावरच्या पत्त्याकडे गेलं. प्राप्तिकर कचेरीतल्या कारकुनानं तो हातानं लिहिला होता. नाव, बिल्डिंग, दादर आणि त्याखाली, ठळक देवनागरीत, संयुक्त महाराष्ट्र.

पोस्टमननं तो बिनचूक पोचवला होता.

•

माझाही एक सांगून टाकतो, म्हणजे मी फक्त दुसऱ्यांना हसतो असं व्हायला नको. त्या वर्षी माझा स्वतःचा फॉर्म मी पाच वेळा तपासला. हप्त्याची पावती जोडली आणि तिची नक्कलही जोडली. तो परत आला.

तात्यासाहेबांनी हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "नावापुढं एम.ए. लिहिलंस, एल्एल.बी. लिहिलंस. सही राहिली."

आणि मग, मला वाटतं केवळ शिक्षा म्हणून, त्यांनी एक काम लावलं. यापुढं येणाऱ्या प्रत्येक अशिलाला सहीचा अर्थ मी समजावून सांगायचा. मी सांगू लागलो. भित्र्या माणसाला नियम सापडला की तो फार जोरात सांगतो. "सहीच्या वरचं प्रत्येक वाक्य खरं पाहिजे. तुम्ही लिहिलेलं असो की दुसऱ्यानं. खोटं निघालं तर जबाबदार तुम्ही."

बहुतेक लोक मान हलवून सही करत. पेडणेकरांनी ऐकलं.

•

महिन्याभरानं एक विमा एजंट धाडधाड जिना चढून आला. घामाघूम. हातात पेडणेकरांचा नामंजूर झालेला प्रस्ताव.

"तुमच्यापैकी सही शिकवणारे गृहस्थ कोण?"

मी हात वर केला. का केला, कोण जाणे.

"मी यांचा फॉर्म भरला. 'दीर्घ खोकला आहे काय?' 'नाही.' 'दम लागतो काय?' 'नाही.' डॉक्टर आमच्या ओळखीचा, तोही फार खोलात जाणारा नव्हता. यांनी फक्त सही करायची होती. हे काय करून ठेवलंय बघा!"

मी पाहिलं. 'नाही' खोडून पेडणेकरांनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'आहे. पावसात जास्ती.' दमाच्या प्रश्नापुढं, 'तीन जिने चढल्यावर. दोन चालतात.' खाली सही. अगदी सुरेख.

"आजवर किती खोकणारे मी निरोगी करून दिले," एजंट खुर्चीत बसत म्हणाला. "स्वतःच्या हातानं आजारी झालेला हा पहिलाच."

तात्यासाहेब आतून म्हणाले, "त्यांना पाणी दे."

माझी त्या रात्रीची झोप गेली. मी शिकवलं ते बरोबर होतं, याबद्दल आजही मला शंका नाही. आणि ही एवढी एकच गोष्ट आहे जिच्याबद्दल शंका असती तर बरं झालं असतं.

पेडणेकरांनी आणखी एकदा प्रस्ताव दिला. पुन्हा खरा. पुन्हा नामंजूर.

•

तरी त्यांनी प्राप्तिकराच्या फॉर्मात सूट मागितलीच, आजारपणाच्या विम्यावर. "सरकारला एकदा तोंडावर विचारू," म्हणाले. सुनावणीची तारीख पडली आणि नेमका त्या दिवशी हरताळ. ट्राम नाही, बस नाही. हरताळात तारीख आपोआप पुढं ढकलली जाते की न जाणाऱ्याचं म्हणणं फेटाळतात, हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी गिरगावातून चालत गेलो. कचेरीच्या पायरीवर पेडणेकर बसलेले. परळहून चालत, मध्ये मध्ये थांबत.

"गिरणी बंद," ते म्हणाले. "रजा मागावी लागली नाही."

अख्ख्या कचेरीत अधिकारी, पेडणेकर आणि मी. अधिकारीही चालतच आले होते; बूट काढून पाय चोळत बसले होते.

"आयुष्याच्या विम्याची पावती?" त्यांनी विचारलं.

पेडणेकरांनी पिशवीतून छातीचा एक्स-रे काढून पुढं ठेवला. "ती देत नाहीत, साहेब. का देत नाहीत, त्याची ही पावती."

अधिकाऱ्यांनी एक्स-रे खिडकीकडे धरला. रस्त्यावरून घोषणा देत मोर्चा चालला होता. तो पुरता निघून जाईपर्यंत ते फुप्फुसं पाहत राहिले.

"नियमात बसत नाही," शेवटी म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "वकील ना तुम्ही? पत्नीच्या आयुष्याचा विमा काढला तर त्या हप्त्यावर यांना सूट मिळते. हे तुम्ही सांगायला हवं होतं."

हवं होतं. नियमाच्या त्याच ओळीत ते लिहिलेलं होतं. मी ती ओळ तीन वेळा वाचली होती.

•

पेडणेकरांच्या पत्नीची प्रकृती उत्तम होती. तपासणाऱ्या बाईडॉक्टरनं एका भेटीत पास केलं. पुढच्या वर्षी पेडणेकर पॉलिसी, हप्त्याची पावती आणि बायको, तिघांनाही घेऊन आले. बाईंची सही लागत नव्हती, पण त्यांना ऑफिस पाहायचं होतं. नऊवारी, कपाळभर कुंकू, मांडीवर पिशवी. खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या.

मी फॉर्म भरला, सूट मांडली, आणि सवयीनं सहीवरचं प्रवचन दिलं. प्रत्येक वाक्य खरं पाहिजे वगैरे. पेडणेकरांनी सही केली आणि खोकला आला म्हणून गॅलरीत गेले.

त्यांचा खोकला चालू होता तोवर बाईंनी मला हळूच विचारलं, "हे गेल्यार माका काय गावतला?"

मी खोटं बोलू शकलो असतो. "या कागदावर काही नाही, वहिनी."

"आणि मी आधी गेल्यार ह्येंका?"

"पॉलिसीची सगळी रक्कम."

त्यांनी गॅलरीकडे पाहिलं. मग फॉर्मकडे.

"सहीच्या वरचा सगळा खरा व्हया, असां सांगलात ना तुमी?"

"हो."

"मगे असां लिवा, ह्येंच्या आधी मी जातलंय." त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि टाकासाठी हात पुढं केला. "माका सही येता."